यंत्राची उत्तरे वेगळी काढा

भिवंडीजवळच्या वडपे येथील गोदामातून रमजानच्या मालाचे दरपत्रक पन्नास आडत्यांना ईमेलने एकदम धाडले, की आधी येतात ती यंत्राची उत्तरे: ‘साहेब रजेवर आहेत’, ‘आपला निरोप मिळाला’. त्या गर्दीत खरी ऑर्डर दबते आणि गिऱ्हाईक दुसरीकडे जाते.

व्यापारी बांधवांनो, जीमेलमध्ये यासाठी फिल्टर, म्हणजे चाळणी आहे. ती मोबाइलच्या ॲपमध्ये बनत नाही. संगणकावर बसावे लागते. वरच्या शोधपट्टीच्या उजव्या टोकाचे चिन्ह दाबा. विषयाच्या रकान्यात ‘ऑटोमॅटिक रिप्लाय’ हे शब्द इंग्रजी अक्षरांत लिहून ‘क्रिएट फिल्टर’ दाबा. मग ‘स्किप द इनबॉक्स’ आणि ‘अप्लाय द लेबल’वर खूण करून लेबलला नाव द्या. ‘आउट ऑफ ऑफिस’साठी अशीच दुसरी चाळणी.

‘डिलीट इट’वर मात्र खूण नको. तशी पत्रे कचऱ्यात पडतात व 30 दिवसांनी कायमची जातात. रजेच्या उत्तरात पुष्कळदा बदली माणसाचा फोन असतो. उधारी अडकली असेल तर तोच कामाचा!

‘मेलर डीमन’ या पत्त्यावरून आलेले पत्र तर चाळूच नका. तेही यंत्राचेच, पण तुमचे बिल समोरच्याला पोहोचलेच नाही, हे तेच सांगते.