मागचे ब्रेक बदलताना

गाडी म्हटलं की आपण पहिला प्रश्न विचारतो, "किती पळते?" ती थांबते कशी, हे सहसा कुणी विचारत नाही. आमच्या टीमची फॉर्म्युला स्टुडंट गाडी पहिल्यांदा बघायला आलेल्या ड्रायव्हरच्या आईने मात्र तेवढंच विचारलं, "थांबते ना रे नीट?" सगळ्या टेक्निकल इन्स्पेक्शनचं सार त्या एका वाक्यात होतं! म्हणून हा लेख ब्रेकवर, आणि तोसुद्धा मागच्या ब्रेकवर. (ब्रेकला शुद्ध मराठीत 'गतिरोधक' म्हणावं असं वाटलं होतं, पण तो रस्त्यावरचा उंचवटा झाला. तेव्हा आपण आपलं ब्रेकच म्हणू.)

आपल्या देशात विद्यार्थ्यांच्या फॉर्म्युला गाड्यांच्या स्पर्धा होतात. कोइम्बतूरच्या कारी मोटर स्पीडवेवरची फॉर्म्युला भारत त्यातलीच एक. तिथे ब्रेक टेस्टमध्ये चारही चाकं लॉक झाली नाहीत तर गाडी ट्रॅकवर सोडतच नाहीत. वर्षभराची मेहनत, रात्री जागून केलेलं वेल्डिंग, सगळं त्या काही सेकंदांवर अवलंबून! आमच्या गाडीचे मागचे कॅलिपर दोन पावसाळे काढून जाम व्हायला लागले होते आणि रबरी होजना बारीक तडे गेले होते. दोन्ही बदलायचं ठरलं. त्या निमित्ताने जो अभ्यास झाला तो असा.

मोठा कॅलिपर म्हणजे चांगला ब्रेक?

बिलकुल नाही! दादर यायला लागलं की लोकल ब्रेक मारते आणि दारातली सगळी गर्दी पुढे झुकते, आठवा. गाडीचंही तसंच होतं. समजा, ड्रायव्हर धरून गाडी ३०० किलो आहे. उभी असताना पुढे १४० आणि मागे १६० किलो भार. गुरुत्वमध्य जमिनीपासून ०.३ मीटर, व्हीलबेस १.६ मीटर, आणि आपण १.५ जी ने ब्रेक मारला. तर पुढे सरकणारा भार:

३०० × १.५ × ०.३ ÷ १.६ = सुमारे ८४ किलो

म्हणजे आता पुढे २२४ आणि मागे फक्त ७६ किलो. मागच्या चाकांवर जेमतेम चौथा हिस्सा भार उरला. इतक्या हलक्या झालेल्या चाकांवर तगडा कॅलिपर लावला तर ती पुढच्यांच्या आधी लॉक होणार आणि गाडी भोवऱ्यासारखी फिरणार. पुढची चाकं आधी लॉक झाली तर गाडी निदान सरळ तरी घसरते. हलक्या गाडीत मागचा ब्रेक मुद्दाम लहान ठेवतात तो यासाठी.

किती लहान? पास्कलचा नियम बारावीला घोकला होता, तो इथे कामाला येतो. पायाचा जोर ३०० न्यूटन, पेडलचं गुणोत्तर ५, म्हणजे १५०० न्यूटन. ते पुढच्या-मागच्या दोन मास्टर सिलिंडरमध्ये समान वाटले तर प्रत्येकी ७५०. मास्टर सिलिंडरचा बोअर ५/८ इंच धरला तर क्षेत्रफळ १९८ चौरस मिलिमीटर आणि दाब सुमारे ३.८ मेगापास्कल. या दाबाला ३२ मिमी व्यासाचा पिस्टन साधारण ३०५० न्यूटन रेटा देतो, तर २६ मिमीचा साधारण २०००. व्यासात फरक फक्त ६ मिमीचा, पण जोर एक तृतीयांशाने कमी! म्हणून नवा कॅलिपर घेताना रंग नाही, पिस्टनचा व्यास बघायचा.

खरेदी

गिरगावजवळ ऑपेरा हाऊसला स्पेअर पार्ट्सची दुकानं आहेत. आमच्यासारख्या टीम बहुतेक वेळा मोटरसायकलचेच कॅलिपर वापरतात, कारण ते हलके, स्वस्त आणि कुठेही मिळणारे. जाताना जुना नग पिशवीत टाकून न्या. बँजो बोल्ट दहा मिमीचाच असला तरी आट्यांचा पिच १ असू शकतो किंवा १.२५. चुकीचा बोल्ट दोन आटे गोडीगुलाबीने आत जातो आणि मग अडतो. पान्याने जोर लावलात तर अॅल्युमिनियमचे आटे गेलेच म्हणून समजा.

होजच्या बाबतीत एक धोक्याची सूचना. नागदेवीला हायड्रॉलिक होज हव्या त्या लांबीचा क्रिंप करून मिळतो, पण तो बहुधा तेलासाठी बनवलेला असतो. त्याचं आतलं रबर ब्रेक फ्लुइडमध्ये फुगतं. आपल्याला ब्रेकसाठीच बनवलेला होज हवा. शक्यतो आत टेफ्लॉन आणि बाहेर स्टीलची जाळी असलेला. तो दाबाखाली कमी फुगतो, त्यामुळे पेडल कडक लागतं. जुन्या रबरी होजचा आणखी एक छुपा रोग असतो. तो आतून सुजतो. पायाच्या जोराने फ्लुइड आत ढकललं जातं, पण पाय काढल्यावर परत येत नाही. मग चाक घासत राहतं आणि दोष मात्र बिचाऱ्या कॅलिपरला!

काम

१. गाडी जॅकवर उचलून स्टँडवर ठेवा. नुसत्या जॅकच्या भरवशावर खाली हात घालायचा नाही. पुढच्या चाकांना ठोकळे लावा.

२. बँजो बोल्ट कॅलिपर जागेवर असतानाच थोडा सैल करा, मग कॅलिपर काढा. तो होजला लटकू देऊ नका. होजच्या दुसऱ्या टोकाला एका पान्याने होज धरून दुसऱ्याने पाइपचा नट फिरवा, नाहीतर पाइप पिळला जातो. उघडं टोक लगेच बंद करा. फ्लुइड रंगावर सांडलं तर पाण्याने धुवा, कारण ते रंग खातं.

३. आता आपली मुंबईची सवय : काहीही मळलं की रॉकेलने धुवायचं. इथे नाही! रॉकेल, पेट्रोल, ग्रीस यांनी ब्रेकची सीलं फुगतात. स्पिरिट किंवा ब्रेक क्लीनर वापरा. याच सिलाची एक गंमत आहे. ब्रेक सोडल्यावर पिस्टनला मागे आणणारी स्प्रिंग नसते. चौकोनी छेदाचं सील दाबाने थोडं वाकतं आणि दाब गेला की पूर्ववत होताना पिस्टनला केसभर मागे ओढतं. सील बिघडलं की ब्रेक घासणारच.

४. नवा कॅलिपर बसवा, बोल्ट टॉर्क रेंचने आवळा. बँजोच्या दोन्ही बाजूंना नवे तांब्याचे वॉशर घाला. होजला पीळ नको. सस्पेन्शन पूर्ण वर, पूर्ण खाली करून बघा : होज कुठे ताणतो का, चाकाला किंवा एक्झॉस्टला लागतो का?

ब्लीडिंग : खरी परीक्षा

हवा दाबली जाते, फ्लुइड जवळजवळ नाही. लाइनमध्ये हवा राहिली तर पेडल स्पंजासारखं लागतं. फ्लुइड डॉट ४ घ्या, ताज्या सीलबंद डब्यातलं. ते हवेतली ओल शोषतं. कोरडं असताना उत्कलनबिंदू किमान २३० अंश सेल्सिअस, ओल धरली की किमान १५५. आपल्या जुलैच्या हवेत उघडा डबा ठेवणं म्हणजे काय ते लक्षात आलं असेलच.

पद्धत जुनीच आहे. एक जण पेडलवर, एक चाकापाशी. "दाब." निपल उघडा, फ्लुइड आणि बुडबुडे नळीतून बाहेर, निपल बंद. "सोड." निपल बंद होण्याआधी पाय सोडला तर हवा परत आत. टाकी मध्येच रिकामी होऊ देऊ नका.

आता बाइकच्या कॅलिपरचा खास घोळ. तो एका बाजूसाठी बनलेला असतो. गाडीच्या दुसऱ्या बाजूला लावला की निपल खाली जातं, आणि हवा तर वर जमते! अर्धा लिटर फ्लुइड घालवलं तरी पेडल मऊच. उपाय सोपा आहे. होज न काढता कॅलिपर ब्रॅकेटवरून उतरवायचा, पॅडच्या मध्ये डिस्कच्या जाडीची पट्टी घालायची, निपल वर करून धरायचं आणि मग ब्लीड करायचं.

शेवटी पेडल पंप करून कडक झाल्याशिवाय गाडी इंचभरही हलवू नका. नव्या कॅलिपरचे पिस्टन आत असतात, त्यामुळे पहिला ब्रेक पार खाली जातो. पेडल मिनिटभर जोरात दाबून प्रत्येक जोड कोरड्या कागदाने पुसून बघा. मग आधी हळू वेगात, नंतर वाढवत चाचणी. पुढची चाकं मागच्यांच्या किंचित आधी लॉक होतील असा बॅलन्स बार लावा.

थोडं परळकडे बघा

आपल्या परळच्या वर्कशॉपमध्ये रेल्वेची कामं पिढ्यानपिढ्या चालत आली आहेत. रेल्वेच्या एअर ब्रेकची अक्कल उलटी असते. पाइप फुटून दाब गेला तर ब्रेक आपोआप लागतो. गाडीत दाब गेला तर ब्रेकच गेला! म्हणून आपल्या स्पर्धेच्या नियमांत दोन स्वतंत्र सर्किट सक्तीची आहेत. एक फुटलं तरी दुसरं दोन चाकं धरून ठेवतं. पण हा झाला शेवटचा आधार. पहिला आधार म्हणजे तो दहा रुपयांचा वॉशर नवा घालणारा हात.

इंजिनचा एखादा बोल्ट सैल राहिला तर आपण शर्यत हरतो. ब्रेकचा बोल्ट सैल राहिला तर काय होईल, ते लिहायची गरज नाही. म्हणून आमच्या टीमने एक नियम केला आहे : ज्याने बोल्ट आवळला त्याने तो तपासायचा नाही, दुसऱ्याने तपासायचा आणि वहीत सही करायची. तुमच्या टीममध्येही करून बघा. त्या काकूंच्या प्रश्नाचं उत्तर मग बेधडक देता येईल : "हो काकू, थांबते. आम्ही दोघांनी बघितलंय."