पंपाची कंपने आणि बिघाडाची पूर्वसूचना

पाणीपुरवठा योजनेचा पंप बंद पडला म्हणजे नोंदवहीत बहुधा एकच शेरा लिहिला जातो : "पंप अचानक नादुरुस्त." वास्तविक यंत्र अचानक बिघडण्याचे प्रसंग थोडे. बेअरिंग निकामी होण्यापूर्वी कित्येक दिवस, कधी कित्येक आठवडे, पंप आपली व्यथा कंपनांच्या रूपाने सांगत असतो. हिंगोली जिल्ह्यात सिद्धेश्वर व इसापूर या जलाशयांतून पाणी उचलून ते दूरवर पोहोचवावे लागते. तेथे ऐन वैशाखात एक मोटर थांबली तर गावोगावच्या टाक्या कोरड्या राहतात. म्हणून ही भाषा समजून घेणे अगत्याचे आहे.

अनुभवी पंपचालकांना ती काही अंशी अवगत असतेच. पेचकसाचे टोक बेअरिंगच्या घरावर टेकवून मूठ कानाशी धरली की आतली खरखर ऐकू येते. या ज्ञानाला आकड्यांचे रूप देण्याचा पहिला ठळक प्रयत्न १९३९ साली रॅथबोन या अमेरिकन अभियंत्याने केला. किती कंपन चालू द्यावे व कोठे यंत्र थांबवावे, याचा आलेख त्याने प्रसिद्ध केला.

शिक्षकांना वर्गात सांगता येईल असे त्यामागील गणित सोपे आहे. मिनिटाला १४८० फेरे घेणारी मोटर सेकंदाला सुमारे २४.७ फेरे घेते. इम्पेलर एका बाजूने झिजला किंवा त्यात कचरा अडकला, तर तोल जाऊन प्रत्येक फेऱ्यास एक हिसका बसतो. म्हणजे कंपन सेकंदाला २४.७ वेळा होते. मोटर व पंप यांचे दांडे एका रेषेत नसतील तर बहुधा दुप्पट, सुमारे ४९ वेळा होणारे कंपन वाढते. आपला वीजपुरवठा ५० आवर्तनांचा असल्याने विद्युत दोषाचे कंपन सेकंदाला १०० वेळा होते. त्याची परीक्षा सोपी आहे : वीज तोडताच ते त्याच क्षणी नाहीसे होते, यांत्रिक कंपन मात्र फेरे मंदावतील तसे ओसरते. बेअरिंगच्या दोषाची आवर्तने फेऱ्यांच्या पूर्ण पटीत बसत नाहीत, त्यावरूनच तो ओळखला जातो. जलाशयाची पातळी खाली गेली आणि पंपाला पुरेसे पाणी मिळेनासे झाले की पाण्यात वाफेचे बुडबुडे निर्माण होऊन फुटतात व आत खडी फिरल्यासारखा आवाज येतो. येथे दोष यंत्राचा नसून पाण्याच्या पातळीचा असतो. बेअरिंग बदलून तो जात नाही.

बिनतारी संवेदक म्हणजे हीच कंपने मोजणारी लहानशी डबी. तिच्यातील सिलिकॉनचा अतिसूक्ष्म भार हलला की विद्युत संकेत निर्माण होतो. डबी बेअरिंगच्या घरावर पक्की बसवितात. ठरावीक वेळाने माप घेऊन ती रेडिओलहरींनी जवळच्या ग्राहक यंत्राकडे पाठविते. ओलाव्यात कुजणारी व उंदीर कुरतडणारी तार लागत नाही, हा पंपघरात मोठाच लाभ. माप सेकंदाला मिलिमीटरमध्ये असते. १५ ते ७५ किलोवॅटच्या यंत्रांसाठी बराच काळ प्रचलित असलेल्या आंतरराष्ट्रीय वर्गवारीत १.१२ पर्यंत उत्तम, २.८ पर्यंत समाधानकारक व ७.१ च्या पुढे धोकादायक असे टप्पे होते. तथापि परक्या आकड्यापेक्षा त्याच पंपाचे मूळ माप अधिक बोलके. १.० वरून महिन्याभरात २.५ झालेला पंप वर्षभर २.७ वर स्थिर असलेल्या पंपापेक्षा अधिक संशयास्पद समजावा.

सर्वत्र हे साधन लावणे मात्र उधळपट्टी ठरेल. विंधन विहिरीतील पाणबुडी पंपावर डबी बसविता येत नाही. तेथे विद्युतप्रवाहाची रोजची नोंदच उपयोगी. जॅकवेलवरील उभ्या पंपात मोटर वर आणि इम्पेलर खोल पाण्यात असल्याने खालचा दोष वर क्षीण होऊन पोहोचतो. संवेदक शोभतो तो अनेक गावांचा भार वाहणाऱ्या सामाईक पंपावर.

याच जिल्ह्यात औंढा नागनाथ तालुक्यात लायगो-इंडिया प्रकल्प उभारण्यास केंद्रीय मंत्रिमंडळाने एप्रिल २०२३ मध्ये मान्यता दिली. गुरुत्वीय लहरी टिपणाऱ्या या वेधशाळेला जमिनीची शांतता इतकी मोलाची की पंपांची थरथरही तिला वैरी वाटावी. पंपघरात त्याच थरथरीला साक्षीदार म्हणून बोलवायचे आहे.

खरी कसोटी इशारा आल्यानंतरची. तो कोणाच्या भ्रमणध्वनीवर जाणार, पर्यायी पंप चालू स्थितीत आहे काय, त्या क्रमांकाचे बेअरिंग कपाटात आहे काय, खरेदीची मंजुरी किती दिवसांत मिळते? बेअरिंगने तीन आठवड्यांची मुदत दिली आणि मंजुरीला पाच आठवडे लागले, तर संवेदकाने एवढेच साधले की पंप कोणत्या दिवशी बंद पडणार हे आधी कळले. यास्तव उन्हाळ्यापूर्वी, माघ-फाल्गुनातच, ग्रामपंचायतीने सुट्या भागांची यादी मंजूर करून घ्यावी. दुरुस्तीनंतर पंप स्थिर चालू लागताच घेतलेले पहिले माप पंपचालकाने नोंदवहीच्या पहिल्या पानावर लिहून ठेवावे.