महासाथ आणि प्रवासाची रीत

मराठीत ‘साथ’ हा शब्द सोबतीलाही लागतो आणि फैलावणाऱ्या रोगालाही. संस्कृतातील ‘सार्थ’ म्हणजे एकत्र वाटचाल करणारा व्यापाऱ्यांचा तांडा. त्यापासून सोबत या अर्थाचा ‘साथ’ आला, आणि रोगाचा अर्थही त्याच रूपात वावरतो. माणसे एकमेकांच्या संगतीने हिंडू लागली की रोगही त्यांच्याबरोबर हिंडतो, हे भाषेने फार पूर्वीच ओळखले होते असे म्हणण्याचा मोह होतो. व्युत्पत्तीवर इतका भार टाकणे योग्य नव्हे, हे मान्य करूनही प्रस्तुत विषयाला हात घालण्यास हे दार सोयीचे आहे. महासाथीनंतर माणसांच्या प्रवासाच्या सवयी बदलतात काय, आणि बदलल्याच तर कोणत्या, असा हा प्रश्न आहे.

सप्टेंबर १८९६ मध्ये मुंबईतील मांडवी भागात डॉ. अकासिओ व्हिएगस यांनी ग्रंथिक संनिपाताचे, म्हणजे प्लेगचे, निदान केले. पुढील काही महिन्यांत लाखो माणसांनी शहर सोडले. १८९१ च्या शिरगणतीत सुमारे ८ लाख २२ हजार भरलेली मुंबईची वस्ती १९०१ मध्ये ७ लाख ७६ हजारांवर आली. त्या वेळी ‘आता या शहरात कोण येणार?’ असे कोणी म्हटले असते, तर ते अवास्तव वाटले नसते. तथापि १९११ मध्ये तीच संख्या ९ लाख ७९ हजारांवर गेली. प्लेग तोवर हटलाही नव्हता. गिरणीतील मजुरीची ओढ मरणाच्या भीतीपेक्षा बलवत्तर ठरली. भीतीने माणूस वाट सोडतो. गरज त्याला त्याच वाटेवर परत आणून सोडते.

मग बदलले काय? बदलला तो प्रवाशाचा आणि सत्तेचा संबंध. फेब्रुवारी १८९७ मध्ये साथरोगांचा कायदा झाला. आगगाडीने वा अन्य मार्गाने प्रवास करणाऱ्यांची तपासणी करण्याचा आणि संशयितांना वेगळे ठेवण्याचा अधिकार त्यातील दुसऱ्या कलमाने सरकारला दिला. तोवर तिकीट काढले की प्रवासी मोकळा होता. आता त्याचे शरीरही तपासणीचा विषय झाले. पुण्यातील घरझडत्यांचा संताप आणि २२ जून १८९७ रोजी रँडवर झालेला हल्ला इतिहासाला ठाऊक आहे. स्थानकांवरील तपासणीकडे मात्र त्या मानाने कमी लक्ष गेले, असे मला वाटते. वस्तुतः सामान्य माणसाला या कायद्याचे दर्शन पुष्कळदा तेथेच घडत असे. मार्च २०२० मध्ये महाराष्ट्र शासनाने कोरोनाच्या प्रतिबंधासाठी आधार घेतला तो याच कायद्याचा. त्याच वर्षी केलेल्या दुरुस्तीने बस, आगगाडी, मालवाहू गाडी, जहाज आणि विमान या सर्वांच्या तपासणीची तरतूद झाली. साथ ओसरते, कलम राहते.

२५ मार्च २०२० पासून देशभर टाळेबंदी लागू झाली. हा शब्दही पाहण्याजोगा आहे. गिरणीमालकाने कामगारांना दाराबाहेर ठेवणे म्हणजे टाळेबंदी, हा त्याचा जुना अर्थ. २०२० मध्ये तो माणसांना दाराआड ठेवण्यासाठी वापरात आला. परंतु शहरातील रोजंदार मजुराला दोन्ही अर्थ एकदमच लागू पडले. काम थांबले आणि गाड्याही थांबल्या. महामार्गांनी आणि रुळांच्या कडेने तो चालू लागला. श्रमिक विशेष गाड्या सुटू लागल्या त्या १ मेपासून.

कोकणचे उदाहरण याहून वेगळे आणि अधिक गुंतागुंतीचे आहे. मुंबईचा चाकरमानी गणपतीला गावी जातो, तेव्हा तो पाहुणा नसतो. तो घरचाच असतो. २०२० च्या गणेशोत्सवात त्याला विलगीकरणाचे दिवस हिशेबात धरून आधीच निघावे लागले. काही गावांनी तर वेशीवरच अडथळे उभे केले. ज्याच्या पैशावर घराचे छप्पर शाकारले गेले, त्यालाच शाळेच्या खोलीत वेगळे राहावे लागले. गावाचे भय खोटे नव्हते आणि चाकरमान्याचे दुःखही खोटे नव्हते. पुढे गाड्या पुन्हा भरभरून जाऊ लागल्या. पण त्या दिवसांत उच्चारलेले शब्द आकडेवारीत सापडत नाहीत. त्यांचा शोध अभ्यासकाने घराघरांतूनच घेतला पाहिजे.

पंढरीच्या वारीत हा प्रश्न सर्वांत स्पष्ट होतो. येथे पोचणे हे निम्मेच कार्य. चालणे हाच आचार. ३० जून २०२० रोजी संतांच्या पादुका एस.टी.च्या बसमधून पंढरपुरास गेल्या आणि दुसऱ्या दिवशी आषाढी एकादशी झाली. २०२१ मध्येही पादुका बसनेच गेल्या. आळंदीहून सुमारे अठरा-वीस दिवसांची वाट काही तासांत सरली. सोयीच्या दृष्टीने पाहिले तर यात गैर काहीच नव्हते. आणि वारकऱ्यांनी ते स्वीकारले ते आपद्धर्म म्हणून, नवी रीत म्हणून नव्हे. २०२२ मध्ये पायी सोहळा पुन्हा निघाला, तेव्हा ‘बसनेच जाऊ’ असे कोणी म्हटले नाही.

याउलट दोन तासांच्या बैठकीसाठी दिल्लीस वा बंगळुरूस विमानाने जाणे ही सवय व्रताची नव्हती, निकडीचीही नव्हती. पर्याय नसल्यामुळे ती टिकून होती. दृक्‌श्राव्य बैठकीने तो पर्याय दिला, आणि अशा कित्येक फेऱ्या कायमच्या गळाल्या. म्हणजे कोणता प्रवास उरेल हे त्याच्या अंतरावरून वा खर्चावरून ठरत नाही. त्याच्या जागी दुसरे काही ठेवता येते की नाही, यावर ते अवलंबून असते. आजीला पडद्यावर पाहता येते, पण तिच्या हातची भाकरी पडद्यातून येत नाही. प्राध्यापकांच्या परिसंवादांचे काय, हे आम्ही प्राध्यापकांनी स्वतःस विचारावे. चहाच्या वेळेतील चर्चेसाठीच आपण जात होतो, अशी कबुली बहुधा द्यावी लागेल.

एक बदल मात्र निवडीचा नव्हता. मार्च २०२० मध्ये ज्येष्ठ नागरिकांची रेल्वेभाड्यातील सवलत थांबवण्यात आली. वृद्धांनी अनावश्यक प्रवास टाळावा, असे तेव्हा सांगितले गेले आणि ते समजण्यासारखे होते. डब्यांतून काढलेले पडदे आणि पांघरुणे मार्च २०२२ मध्ये परत देण्याचा आदेश निघाला. सवलत मात्र त्यांच्याबरोबर परतली नाही. मे २०२३ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने आणीबाणी संपल्याचे जाहीर केले, तेव्हाही तिकीटखिडकीशी उभ्या असलेल्या वृद्धाला पूर्ण भाडेच मोजावे लागत होते. वर्षातून दोनदा लेकीकडे जाणारी बाई एकदाच जाऊ लागली, तर तिची सवय बदलली असे आपण नोंदवणार काय?