पेटत्या भट्टीत इंधन कसे घालावे?

चूल पेटती ठेवायची तर सरपण वरचेवर आत सारावे लागते, हे आपण घरी नित्य पाहतो. परंतु ज्या भट्टीला चुंबकीय क्षेत्राची भिंत आहे आणि दार मुळीच नाही, तिच्यात सरपण घालावे कसे?

सूर्याच्या पोटात हायड्रोजनची अणुकेंद्रे एकत्र येऊन अपार ऊर्जा निर्माण होते. तशी क्रिया पृथ्वीवर घडवून आणण्यासाठी ड्यूटेरियम व ट्रिटियम ही हायड्रोजनची दोन रूपे सुमारे १५ कोटी अंश सेल्सिअसपर्यंत तापवावी लागतात. तेव्हा अणूंतील इलेक्ट्रॉन सुटे होतात. या अवस्थेस प्लाझ्मा म्हणतात. त्यास धरून ठेवील असे भांडे नाही. म्हणून टोकामॅक नामक कंकणाकृती यंत्रात चुंबकीय क्षेत्राने तो कोंडतात.

खरी अडचण येथेच आहे. जी भिंत आतला अग्नी बाहेर जाऊ देत नाही, तीच बाहेरच्या विद्युतभारित कणांना आत येऊ देत नाही. साधा वायू सोडावा, तर तो कडेलाच प्लाझ्मा होऊन अडकतो. गाभ्यापर्यंत फारच थोडा पोचतो. त्यात ट्रिटियम दुर्मिळ, आणि त्याचा साठा सुमारे १२.३ वर्षांत आपोआप निम्मा होतो. ते वाया दवडणे परवडणारे नाही.

यावर रूढ उपाय म्हणजे इंधन गोठवून त्याच्या काही मिलिमीटरच्या गोळ्या वेगाने आत मारणे. परंतु प्लाझ्मा जितका तप्त, तितक्या त्या लवकर विरतात.

दुसरा उपाय नवलाचा आहे: इंधनाचा प्लाझ्माच आत फेकणे! एका नळीत विद्युत्प्रवाहाच्या साहाय्याने प्लाझ्माचे कडे घडवून ते सेकंदास शंभराहून अधिक किलोमीटर वेगाने सोडतात. या कड्याच्या अंगी स्वतःचे चुंबकीय क्षेत्र असल्याने ते वाटेत विस्कटत नाही. त्याची गतिज ऊर्जाघनता यंत्रातील चुंबकीय ऊर्जाघनतेहून अधिक असेल, तर ते भिंत बाजूस सारून आत शिरते. पुढे दोन्ही क्षेत्रे एकमेकांत मिसळतात, कडे विरते आणि इंधन तेथेच मोकळे होते. कॅनडातील क्वेबेक प्रांतात व्हारेन येथील टोकामॅकमध्ये मूळ प्लाझ्मा न मोडता असे इंधन गाभ्यात पोचविता आल्याचे १९९४ साली प्रसिद्ध झाले.

फ्रान्समध्ये उभारल्या जात असलेल्या आणि भारताचाही सहभाग असलेल्या ईटर यंत्रासाठी मात्र मुख्यतः गोठविलेल्या गोळ्यांचीच योजना आहे. मोठ्या यंत्राची चुंबकीय भिंत अधिक बळकट असते, आणि ती भेदणे सोपे नाही.

आता एक प्रश्न. चुंबकीय क्षेत्र दुप्पट केले की त्याची ऊर्जाघनता चौपट होते. कड्याची घनता तीच ठेवली, तर त्याचा वेग किती पट वाढवावा लागेल? वहीत मांडून पाहा. मी पडलो कलाशाखेचा. तेव्हा उत्तर गणिताच्या गुरुजींकडून तपासून घ्यावे, हे बरे!