घरच्या बागेत रानफुलांचे कंद

मृगाच्या सरी कोसळल्या म्हणजे पनवेलच्या आसपासच्या डोंगरउतारांवर व कुंपणांच्या झुडपांतून नाना रानफुले डोके वर काढू लागतात. श्रावण-भाद्रपदात कळलावीची लाल-पिवळी फुले दृष्टीस पडताच ती आपल्याही अंगणात असावीत असे पुष्कळांस वाटते. ही हौस स्तुत्य आहे. परंतु ती पुरविण्याची रीत चुकल्यास रान उजाड होते आणि बागही रिकामीच राहते. म्हणून कंद मिळवावे कसे व जगवावे कसे, ह्याचा विचार ह्या पाठात करू.

कंदाचा स्वभाव.— कंद म्हणजे वनस्पतीची कोठी होय. पावसाळ्याच्या चार महिन्यांत पाने जे अन्न तयार करितात ते कंदात साठते. पुढे पाने पिवळी पडून गळतात, आणि उन्हाळा सरेपर्यंत कंद जमिनीखाली निजून राहतो. बहुतेक कंद मरतात ते हयगयीमुळे नव्हे, तर अस्थानी प्रेमामुळे. ह्या निद्राकाळात नित्य पाणी घातले की ते कुजतात.

कंद मिळविणे.— रानातून कंद उपटून आणू नये. कळलावीच्या बीपासून फुलावर येणारे झाड होण्यास साधारणतः ३ ते ४ वर्षे लागतात. कुदळीच्या एका घावाने ती सर्व मेहनत नष्ट होते, आणि त्या जागी पुढे बीही पडत नाही. सफेद मुसळीचे उदाहरण डोळ्यांपुढे आहे. जिचे शास्त्रीय नाव मुंबईजवळील बोरिवलीवरून पडले, ती वनस्पती औषधी मुळांसाठी झालेल्या बेसुमार खणतीमुळे रानांतून विरळ झाली. शिवाय कर्नाळ्याचे रान १९६८ पासून पक्ष्यांचे अभयारण्य आहे, व १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यान्वये तेथून परवान्यावाचून झाडे-कंद काढणे हा गुन्हा होय.

मग कंद आणावे कोठून? पहिला मार्ग बियांचा. पावसाळा सरता सरता कळलावीच्या शेंगा तडकून तांबड्या बिया दिसू लागतात. कुंपणावरच्या वेलीच्या थोड्याच बिया, मालकास विचारून, घ्याव्या व बाकीच्या वेलीवर राहू द्याव्या. दुसरा मार्ग लागवडदारांचा. तमिळनाडूत शेतकरी औषधी बियांसाठी कळलावीचे मळे करितात; सफेद मुसळीचीही शेती होते. रोपवाटिकेत कंद घेताना तो लागवडीचा की रानातला, हे अवश्य विचारावे. तिसरा मार्ग जेथे जमीन खणली जाणारच आहे तेथला. उलवे येथील टेकडी विमानतळासाठी सपाट झाली, आणि त्या विमानतळाचे उद्घाटन २०२५ साली झाले. असे माळ व उतार जेथे बांधकामाखाली जावयाचे असतील, तेथून मालकाच्या संमतीने कंद वाचविणे हे पुण्यकर्मच होय.

लागवड.— नवीन पनवेल ही सिडकोने वसविलेली वसाहत. इमारतींभोवतीची माती पुष्कळदा भरावाची व घट्ट असते, आणि आषाढात तीत पाणी तुंबते. अशा ठिकाणी वाफा वीतभर उंच करावा, किंवा फूटभर खोल कुंडी घ्यावी. बागेची माती, बारीक मुरूम व चांगले कुजलेले शेणखत समभाग मिसळावे; कुंडीच्या तळाशी खापऱ्या घालाव्या.

कळलावीचा कंद नांगराच्या फाळासारखा वाकडा असून त्याच्या टोकाशी डोळा असतो. हा डोळा मोडला तर कंद बहुधा उगवत नाही. म्हणून तो हलक्या हाताने धरावा. मेअखेरीस २ ते ३ इंच खोल आडवा ठेवून मातीने झाकावा. वेल पानांच्या टोकांनी आधार धरून चढते, यास्तव शेजारी काटक्या रोवाव्या. ऊन भरपूर असावे.

रानहळद अर्ध्या सावलीत खुलते. तिच्या पिवळ्या फुलांवर गुलाबी पानांचा तुरा असतो. तिचे गड्डे डोळे राखून विभागावे. पेव ओलाव्याच्या व सावलीच्या जागी लावावा. तो कांडीच्या तुकड्यांपासूनही होतो. सफेद मुसळीच्या मुळीस वरच्या चकतीचा तुकडा लागून असला तरच कोंब फुटतो.

पाने पिवळी पडू लागताच पाणी बंद करावे. वाळलेली पाने आपोआप गळू द्यावी. हिरवी असता कापल्यास कोठी अर्धीच भरते. कुंडी वळचणीखाली कोरडी ठेवावी व नावाची पाटी लावावी, म्हणजे रिकामी समजून कोणी ती उकरणार नाही.

सावधगिरी.— कळलावीचे सर्व भाग, विशेषतः कंद व बिया, अत्यंत विषारी आहेत. त्यांतील कोल्चिसिन ह्या द्रव्याने मृत्यू ओढवतो. कंद रताळ्यासारखा भासतो, म्हणून तो स्वयंपाकघरात कदापि ठेवू नये; मुले व गुरे ह्यांपासून दूर राखावा; हाताळल्यावर हात धुवावे. बाळंतपणात हा कंद वापरण्याची जुनी समजूत घातक असून ती सर्वथा सोडावी.

एका कुंडीतील वेलीस शेंगा आल्या तर पुढील वर्षी दहा घरी बी देता येईल. रानातून आणलेला कंद एकाच घरची शोभा होतो. घरी वाढविलेला कंद मात्र शेजाऱ्यांची हौस भागवून रानावरील कुदळ थांबवितो. वाचकांनी ह्या उन्हाळ्यातच एखादी कुंडी भरून ठेवावी, अशी आमची सूचना आहे.