हलणारा दात : हिरड्यांचा आजार वेळीच ओळखू या

‘वय झालं की दात पडायचेच,’ असे आपल्याकडे सर्रास म्हटले जाते. भारतातून मुलांकडे राहायला आलेले आईवडील तर हिरड्यांतून रक्त आले तरी बोलत नाहीत. इथला खर्च मुलांवर नको, म्हणून मीठ-लवंगेवर भागवतात. पण नुसत्या वयाने दात पडत नाहीत. ते जातात मुख्यतः किडीने आणि हिरड्यांच्या आजाराने, म्हणजे पायोरियाने.

दात कसा जातो?
दात घासल्यावर काही तासांतच त्यांवर जंतूंचा चिकट थर बसू लागतो. तो राहिला तर लाळेतील क्षारांनी घट्ट होऊन त्याचे कीटण बनते. ते ब्रशने निघत नाही. हिरड्या लाल होतात, सुजतात, रक्त येते. इथवरचे नुकसान भरून येते. पुढे हिरडी दातापासून सुटते. निरोगी हिरडीत ही फट १ ते ३ मिलिमीटर असते. ती खोल गेली की ब्रश तिथे पोचत नाही आणि मुळाभोवतीचे हाड झिजू लागते. झिजलेले हाड आपोआप भरून येत नाही. माती वाहून गेलेल्या खांबासारखा दात हलतो आणि अखेर काढावा लागतो, मग त्याला कीड नसली तरी! हे सारे बहुधा न दुखता घडते.

लक्षात ठेवा
१. रक्त येते म्हणून ब्रश थांबवू नका. मऊ ब्रशने दोनदा घासा, दातांमधल्या फटीही साफ करा.
२. ‘कीटण काढले की दात हलतात’ हा गैरसमज आहे. हाड आधीच गेलेले असते. कीटणाने ते झाकलेले असते.
३. मधुमेह असल्यास विशेष जपा. साखर वाढली की हिरड्या बिघडतात आणि हिरड्या बिघडल्या की साखर आवरत नाही.
४. तंबाखू, मिश्री, सिगारेट सोडा. सिगारेट ओढणाऱ्यांना रक्त कमी येते, त्यामुळे आजार लपून राहतो.

आपल्या गावातली सोय
मिशिगन विद्यापीठाचे दंतमहाविद्यालय १८७५ पासून ॲन आर्बरमध्ये आहे. तिथले प्राध्यापक सिगर्ड रॅमफ्योर्ड यांनी मुंबईतील ११ ते १७ वर्षांच्या मुलांच्या हिरड्या तपासून १९६१ मध्ये निबंध प्रसिद्ध केला होता. उपचारानंतर ठरावीक काळाने पुन्हापुन्हा साफसफाई करून घेतली तर दात टिकतात, हेही त्यांच्या दीर्घ अभ्यासांतून दिसले. या महाविद्यालयात विद्यार्थी प्राध्यापकांच्या देखरेखीखाली उपचार करतात. वेळ जास्त लागतो, पण खर्च खासगी दवाखान्यापेक्षा कमी येतो.

विनंती
पाहुण्या आईवडिलांच्या प्रवासविम्यात नेहमीचे दंतोपचार सहसा नसतात. मूळ मेडिकेअरमध्येही दातांची नेहमीची साफसफाई येत नाही. त्यामुळे ज्येष्ठांची तपासणी राहून जाते. ज्यांना गाडी चालवता येते त्यांनी महिन्यातून एक सकाळ एखाद्या आजी-आजोबांना दवाखान्यात नेण्यासाठी द्यावी. ज्यांना इंग्रजी-मराठी दोन्ही सफाईने येते त्यांनी सोबत बसावे. ज्यांना शक्य आहे त्यांनी सेवानिधीच्या पेटीत यथाशक्ती दान टाकावे. आणि घरी आज एवढेच विचारावे : ‘आई, बाबा, घास नीट चावता येतो ना?’

प्रसादाचा घास सर्वांना सुखाने चावता यावा, हीच प्रार्थना.