गाड्या सारख्या, चालक निराळे

मुलांनो, पुण्याजवळ चाकण येथे २००९ मध्ये फोक्सवॅगन कंपनीचा मोटारींचा कारखाना सुरू झाला. तेथे 'पोलो' ही मोटार तयार होऊ लागली. २०१० मध्ये भारतात फक्त पोलो मोटारींची स्पर्धा सुरू झाली.

या मोटारी बाहेरून रस्त्यावरच्या मोटारींसारख्याच दिसत. आत मात्र पोलादी नळ्यांचा पिंजरा असे. मोटार उलटली तरी चालक वाचावा, हा त्याचा हेतू. सर्वांच्या मोटारी सारख्या, म्हणून हारजीत चालकाच्या कौशल्यावर ठरे.

अशा स्पर्धेत अनेक शर्यती असतात. प्रत्येक शर्यतीत क्रमांकाप्रमाणे गुण मिळतात. शेवटी ज्याच्या गुणांची बेरीज जास्त, तो विजेता. म्हणून एकदाच पहिला येऊन भागत नाही. घाईने मोटार आदळणारा मागे पडतो आणि प्रत्येक शर्यत नीट पूर्ण करणारा पुढे जातो.

शर्यतीचा मार्ग बंद असतो. सर्व मोटारी एकाच दिशेने धावतात. पिवळे निशाण दिसले की कोणी कोणाला ओलांडत नाही. रुग्णवाहिका जवळच उभी असते.

आपल्या रस्त्यावर शाळेत जाणारी मुले असतात, म्हातारी माणसे असतात. मोठे झाल्यावर तुम्हीही गाडी चालवाल. तेव्हा शर्यतीची शिस्त घ्या. वेग तेथेच राहू द्या.